क्रिया, अक्रिया आणि संशय

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मूतखड्यावरील शस्त्रकर्माचे वर्णन आहे. शस्त्र हाती घेण्यापूर्वी वैद्याने काय करावे हे सांगताना ग्रंथकार एक मार्मिक विचार मांडतो. शस्त्रकर्म न केल्यास रोग्याचा मृत्यू ठरलेला आहे. केल्यास तो वाचेल की नाही याविषयी संशय आहे. तेव्हा वैद्याने राजाची अनुज्ञा घेऊन मगच हे कर्म करावे. निश्चित मरणापेक्षा संशय बरा, हा त्यातला न्याय. शस्त्रवैद्यकाची बरीचशी नीती या एका तराजूवर तोलली गेली आहे. आजही शस्त्रक्रियेपूर्वी ज्या संमतिपत्रावर आपण थरथरत्या हाताने सही करतो, त्याच्या मुळाशी हाच विचार असतो.

हा तराजू चालतो, कारण त्याचे एक पारडे मृत्यूने पुरते भरलेले असते. परंतु दोन्ही पारड्यांत संशयच असेल तर? क्रिया केली तरी संशय आणि न केली तरी संशय, अशा ठिकाणी माणसाने कोणत्या न्यायाने वागावे? हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही, पोटात सापडला. पोटावर वारंवार शस्त्रक्रिया झालेल्या माणसाची आतडी आतल्या आत एकमेकांना चिकटतात आणि मधूनमधून त्यांतला मार्ग अडतो. ही व्याधी मी चाळीसहून अधिक वर्षे बाळगून आहे. आजाराची कहाणी सांगण्याची मला हौस नाही. तथापि या व्याधीने जो नैतिक पेच माझ्यापुढे टाकला, तो केवळ रुग्णांचा नाही असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

आधी ही व्याधी काय आहे ते पाहू. पोटाच्या पोकळीला आतून आणि आतड्यांना बाहेरून एक अतिशय पातळ, ओलसर पडदा वेढून असतो; त्याला पर्युदर म्हणतात. त्याच्या ओलाव्यामुळेच सुमारे सहा मीटर लांबीचे लहान आतडे पोटात सरकत, वळत आपले काम करू शकते. या पडद्याला शस्त्राने, हाताळण्याने, साकळलेल्या रक्ताने, जंतूंनी किंवा नुसत्या कोरडेपणाने इजा झाली, की काही तासांतच तेथे फायब्रिन नावाच्या प्रथिनाचा चिकट लेप जमतो. बहुतेक ठिकाणी शरीर काही दिवसांत तो लेप स्वतःच विरघळवून टाकते. जेथे तो विरघळत नाही तेथे नव्या पेशी शिरतात, कोलॅजेनचे धागे विणले जातात, त्यांत रक्तवाहिन्या उगवतात आणि दोन शेजारी कायमचे जोडले जातात. कोठे हा जोड कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ असतो, तर कोठे दोरीसारखा ताठ. त्या दोरीखाली आतड्याचे वेटोळे सापडले की मार्ग बंद होतो.

येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, शरीराची यात काही चूक होत नाही. जखम भरून आणण्याची जी रीत आहे तीच ही. पोटात एखादे आंत्रपुच्छ फुटले असता आजूबाजूची आतडी आणि चरबीचा पदर त्याला चिकटून बसतात आणि पू सर्वत्र पसरू देत नाहीत. आतड्याची दोन टोके शिवली तर त्यांचा सांधा याच चिकटण्याने टिकतो. प्राण वाचवणारे चिकटणे आणि छळणारे चिकटणे अशा दोन क्रिया नाहीत. क्रिया एकच आहे आणि कोठे थांबावे हे तिला कळत नाही.

हे अपवादाने घडते असेही नाही. इंग्लंडमधील मेन्झीज आणि एलिस यांनी १९९० साली, पूर्वी पोट उघडलेल्या २१० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ९३ टक्क्यांच्या पोटात असे जोड आढळले. स्कॉटलंडमध्ये १९८६ साली पोटावर किंवा ओटीपोटावर शस्त्रक्रिया झालेल्या २९,७९० रुग्णांचा दहा वर्षे मागोवा घेण्यात आला. त्यांतील सुमारे एक तृतीयांश रुग्णांना, या जोडांशी निश्चित वा संभाव्य संबंध असलेल्या कारणासाठी किंवा जोडांमुळे अवघड होऊ शकेल अशा दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी, सरासरी दोन वेळा पुन्हा रुग्णालयात यावे लागले. मात्र त्या फेऱ्यांपैकी निखळ जोडांमुळे झालेल्या ५.७ टक्केच होत्या. तात्पर्य, जोड जवळजवळ सर्वांना होतात. त्रास थोड्यांनाच होतो. आणि तो कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. संशय येथपासूनच सुरू होतो.

१९७९ साली, मी कॉलेजात असताना, माझे आंत्रपुच्छ फुटले. त्या वेळी सुश्रुताचा तराजू अगदी स्वच्छ होता. शस्त्रक्रिया झाली आणि मी वाचलो. पुढे पंधरा वर्षे पोटाने आपले अस्तित्व जाणवू दिले नाही. १९९४ साली एका लग्नाच्या पंगतीनंतर रात्री पोटात पीळ पडू लागला, हिरवी उलटी झाली, पोट नगाऱ्यासारखे फुगले. तीन दिवस वाट पाहूनही मार्ग मोकळा झाला नाही, तेव्हा दुसऱ्यांदा पोट उघडले. पहिल्या जखमेतून निर्माण झालेली एक दोरी कापली आणि मार्ग सुटला. येथेही कोणाचे काही चुकले नव्हते.

चूक झाली ती त्यानंतर, आणि ती माझी होती. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर अवरोध असा झाला नाही, परंतु पोट दुखत राहिले. आमचे इंदूर हे खाणाऱ्यांचे आणि खाऊ घालणाऱ्यांचे शहर. सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफा, पावसाळ्यात घरोघरी भुट्ट्याचा कीस. अशा गावात ताटातला पदार्थ बाजूला सारणाऱ्या माणसाकडे लोक आधी काळजीने, मग कंटाळ्याने पाहू लागतात. मक्याचा दाणा, पेरूची बी, संत्र्याच्या फोडीची साल, जे जे चोथ्याचे आणि न विरघळणारे ते ते सगळे मला भिववू लागले होते. माझे थोरले चुलतभाऊ नानादादा एक दिवस निर्वाणीचे म्हणाले, "अरे, एकदाचं काय ते सोडवून घे. किती दिवस असा भीत भीत जेवणार?"

'एकदाचं' हा शब्द मला फार गोड वाटला. ज्यांनी दुसरी शस्त्रक्रिया केली होती त्या वयोवृद्ध सर्जनकडे मी गेलो. ते म्हणाले, "मी सोडवीन हो, पण तुमचं पोट ते पुन्हा जोडील. जिथं माझा हात लागेल तिथं नवी जखम होईल. मार्ग बंद असता तर गोष्ट वेगळी. नुसत्या दुखण्यासाठी मी पोट उघडणार नाही." त्यांचे बोलणे मला हात झटकल्यासारखे वाटले. मी दुसरा सर्जन शोधला. शोधणाऱ्याला तो सापडतोच. १९९८ साली तिसऱ्यांदा पोट उघडून तीन तास एकेक जोड सोडवण्यात आला. सहा-सात महिने फार सुखाचे गेले. मग दुखणे परत आले, आणि त्याच्यामागोमाग अवरोधही. तिसरी शस्त्रक्रिया कोणी माझ्यावर लादली नव्हती. मी ती मागून घेतली होती.

पुढे २००३ साली नेदरलँड्समधील एका प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. जुन्या पोटदुखीच्या १०० रुग्णांच्या पोटात दुर्बीण घालून पाहण्यात आले. काहींचे जोड सोडवले, काहींचे नुसते पाहून तसेच ठेवले, आणि कोणाचे काय केले हे रुग्णांना कळू दिले नाही. वर्षभरात दोन्ही गटांतील पुष्कळांचे दुखणे कमी झाले आणि दोहोंत फरक असा आढळला नाही. बारा वर्षांनी त्याच रुग्णांची पुन्हा पाहणी झाली तेव्हा, ज्यांचे जोड सोडवले नव्हते त्यांची स्थिती अधिक बरी दिसली. हे वाचून मला त्या वृद्ध सर्जनची आठवण झाली. तोवर ते हयात नव्हते. त्यांना जाऊन 'तुमचं बरोबर होतं' एवढे सांगण्याचीही सोय उरली नव्हती.

मला कोणत्या गोष्टीने त्या टेबलावर नेले? वेदनेने नेले म्हणावे, तर त्याहून मोठ्या वेदना मी सोसल्या होत्या. मला वाटते, मला वेदनेपेक्षा अनिश्चितता असह्य झाली होती. शिवाय 'काहीतरी करणे' यात एक प्रतिष्ठा आहे. लोकमान्यांच्या 'गीतारहस्या'ला १९१५ साली प्रकाशन लाभल्यापासून मराठी मध्यमवर्गाच्या तीन-चार पिढ्या कर्मयोगाचा आदर करत वाढल्या. तो आदर रास्तच आहे. परंतु त्याची एक सावली अशी पडली की, वाट पाहणारा माणूस आपल्याला दुबळा वाटू लागला. रुग्णालयाच्या व्हरांड्यात नातेवाईक डॉक्टरांना 'काय करता आहात?' असे विचारतात. 'काय पाहता आहात?' असे सहसा कोणी विचारत नाही. वस्तुतः गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्म, विकर्म आणि अकर्म ही तिन्ही नीट ओळखावीत, कर्माची गती गहन आहे, असे बजावले आहे. आपण कर्म तेवढे उचलले आणि अकर्म ओळखण्याचा अभ्यास मात्र सोडून दिला.

अवरोधावर शस्त्राविना केले जाणारे उपचार मी पुढे अनेकदा घेतले, म्हणून सांगतो, ती अक्रिया केवळ नावाची आहे. लाळ, जठररस, पित्त आणि आपण प्यालेले पाणी असे सगळे मिळून दिवसाकाठी सात-आठ लिटर द्रव लहान आतड्यात उतरतो आणि एरवी शोषला जातो. मार्ग अडला की तो साचतो. पोट फुगते आणि बाकीचे शरीर मात्र कोरडे पडते. म्हणून नाकातून जठरात राइल्सची नळी घालून साचलेले बाहेर काढायचे आणि शिरेतून सलाईन द्यायचे. जठरातील साचलेला द्रव नळीने शोषून घेण्याची ही पद्धत मिनेसोटातील ओवेन वँगेनस्टीन यांनी १९३० च्या दशकात रूढ केली आणि असंख्य प्राण वाचवले. तोंडाने पाण्याचा थेंब नाही. नळीतून किती आले, लघवी किती झाली, नाडी किती, ताप आहे का, पोट दाबल्यावर दुखते का, हे दर काही तासांनी पाहायचे, आणि शक्यतो एकाच हाताने पाहायचे, कारण फरक हाताला आधी कळतो. आंत्रावरोधावर सूर्य मावळू देऊ नये, अशी शल्यविशारदांत एक जुनी म्हण होती. आता, आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची चिन्हे नसतील तर, साधारण ७२ तासांपर्यंत असे थांबता येते असे मानतात. आणि जोडांमुळे होणाऱ्या दहा अवरोधांपैकी सात-आठ न कापताच सुटतात. मग एखाद्या पहाटे वात सरतो. एरवी ज्या गोष्टीचा चारचौघांत उल्लेखही करू नये, ती ऐकून पत्नीच्या डोळ्यांत पाणी येते आणि नर्स हसत हसत ती कागदावर नोंदवते. त्या क्षणी कोणी काही 'केलेले' नसते, आणि तरी तीन दिवस सगळे राबलेले असतात.

येथवर वाचून कोणाला वाटेल की, थांबण्याची थोरवी गाण्यासाठी हा लेख लिहिला आहे. मलाही काही वर्षे तसेच वाटत होते. तिसऱ्या शस्त्रक्रियेचा पश्चात्ताप इतका होता की 'आता शस्त्र नाही' हे मी व्रत करून टाकले. २००९ च्या पावसाळ्यात पोट अडले तेव्हा मी घरीच पडून राहिलो. आपल्याला थांबणे कळते, याचा मला एक प्रकारचा अभिमान झाला होता. पहिल्या रात्री दुखणे लाटांसारखे येत-जात होते. दुसऱ्या दिवशी दुपारी लाटा संपल्या आणि ते सलग झाले. लाटांची वेदना म्हणजे आतडे अजून झगडते आहे आणि सलग वेदना म्हणजे धोका, हा भेद मला कोणी शिकवायला नको होता. तरी मी 'सुटेल' असेच म्हणत राहिलो. शेवटी पत्नी म्हणाली, "अहो, आता पुरे. तुम्ही थांबत नाही आहात, तुम्ही घाबरला आहात. चला." वेटोळे दोरीखाली पिळवटून काळे पडले होते, सुमारे दोन फूट आतडे काढून टाकावे लागले. आणखी काही तास गेले असते तर हे लिहायला मी राहिलो नसतो, असे सर्जननी स्पष्ट सांगितले.

तेव्हा १९९८ साली मी नको तेथे क्रिया केली आणि २००९ साली नको तेथे अक्रिया. या दोन चुका एकमेकींच्या उलट आहेत असे मी पुष्कळ दिवस समजत होतो. आता वाटते, त्या एकच आहेत. पहिल्या वेळी 'एकदाचं सोडवून घेऊ' म्हणून मला संशयातून सुटायचे होते. दुसऱ्या वेळी 'शस्त्र नाहीच' म्हणूनही संशयातूनच सुटायचे होते. एकदा मी शस्त्राच्या आड लपलो, एकदा व्रताच्या. दोन्ही वेळा समोरचे पोट पाहायचे मी नाकारले, कारण निर्णय पोट पाहण्याआधीच झालेला होता.

आपल्या परंपरेत संशयाला फारसा चांगला शब्द मिळालेला नाही. संशयी माणसाचा नाश होतो, असे गीताच सांगते. परंतु न्यायदर्शनाने ज्या सोळा पदार्थांपासून आरंभ केला, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर तिसराच पदार्थ संशय आहे. संशय असल्याशिवाय शोध सुरू होत नाही, हे नैयायिकांनी ओळखले होते. मला वाटते, हे दोन संशय निराळे आहेत. एक संशय माणसाचे पाऊल उचलू देत नाही. दुसरा त्याचे डोळे मिटू देत नाही. पहिल्याने नाश होतो हे खरे. पण दुसरा सोडला तरीही नाशच होतो. पहिल्याच्या भीतीने आपण दुसऱ्यालाही हाकलून देतो आणि त्याला निर्धार असे नाव देतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. डोळे उघडे ठेवून माणूस किती काळ बसणार? निर्णय तर कधी ना कधी घ्यावाच लागतो, आणि वेळ हा तटस्थ नसतो. थांबण्यानेही आतडे मरते. मला सुचलेले उत्तर असे की, थांबण्याची मर्यादा थांबण्यापूर्वी ठरवावी, आणि ती मोडण्याचा अधिकार स्वतःखेरीज आणखी एकाला द्यावा. सुश्रुताने वैद्याला राजाची अनुज्ञा घ्यायला सांगितले, त्यात वैद्याचे संरक्षण होते हे उघडच आहे. पण त्यात आणखीही एक शहाणपण असावे. ज्याच्या हातात शस्त्र आहे किंवा ज्याच्या पोटात वेदना आहे, त्याने एकट्याने तराजू धरू नये. मोहाने असो वा भयाने, त्याचा हात हलतोच.

आणखी एका मोहाविषयी लिहायला हवे, तो म्हणजे कायमच्या निकालाचा. १९३७ साली नोबल नावाच्या शल्यविशारदाने एक विलक्षण उपाय सुचवला. जोड टाळता येत नाहीत ना, मग आतड्याची वेटोळी आपणच शिडीच्या पायऱ्यांसारखी ओळीने शिवून ठेवावीत, म्हणजे ती चिकटतील ती निदान शिस्तीने चिकटतील. कल्पनेत मोठे धैर्य होते. परंतु त्यातूनही नवे त्रास उद्भवले आणि ती रीत मागे पडली. हातमोज्यांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. मोजे आले ते मुळात शस्त्रक्रियेत काम करणाऱ्यांचे हात जपण्यासाठी, आणि पुढे ते रुग्णाला जंतूंपासून वाचवण्यासाठी रूढ झाले. ते सहज चढावेत म्हणून त्यांना आधी टाल्कची आणि पुढे स्टार्चची भुकटी लावली जाई. आणि त्या भुकटीनेच पोटात जोड वाढतात असे दिसून आले. अमेरिकेत अशा मोज्यांवर बंदी २०१७ साली आली. यात दुष्टावा कोणाचाच नव्हता. उपाय हा देखील जगात पडणारा एक पदार्थ आहे आणि त्याचेही परिणाम होतात, एवढेच यावरून शिकायचे.

संसारात, संस्थांत आणि समाजातही जुन्या जखमांचे असे जोड असतात. तेथेही 'एकदाचे सोडवून टाकू' म्हणणारे आणि 'हात लावू नका' म्हणणारे असे दोन पक्ष पडतात. ती तुलना मी फार ताणणार नाही. समाजाला पोट नसते आणि तेथे दुसऱ्याच्या वेदनेवर आपण फार सहज थांबू शकतो. एवढेच म्हणेन की, दोन्ही पक्षांना विचारण्याचा प्रश्न एकच आहे: तुम्ही समोर पाहून हे म्हणता आहात, की पाहावे लागू नये म्हणून?

२००९ नंतर माझे पोट पाच वेळा अडले आणि पाचही वेळा शस्त्राविना सुटले. सहाव्या वेळी काय होईल ते मला माहीत नाही. दाराजवळ एक पिशवी भरून ठेवलेली असते. तिच्यात चारही शस्त्रक्रियांची माहिती लिहिलेला कागद आहे, म्हणजे रात्रीच्या पाळीतील अनोळखी डॉक्टरलाही सगळे सांगावे लागू नये. मी सावकाश जेवतो, घास फार चावतो, आणि भुट्ट्याचा कीस कोणी आग्रहाने वाढलाच तर हात जोडून नको म्हणतो. आता त्या 'नको'ची मला लाज वाटत नाही.

आमच्या डॉक्टरांनी एक नियम घालून दिला आहे. नुसता पीळ असेल तर तोंडाने घट्ट काही न घेता सहा तास पाहायचे. उलटी, ताप, फुगलेले पोट किंवा सलग वेदना यांपैकी काहीही दिसले तर सहा मिनिटेही पाहायची नाहीत. दुखू लागले की पत्नी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात वेळ लिहून ठेवते. मग आम्ही दोघे शेजारी बसतो. सहा तास पुरे झाले की नाही, हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे.